अठ्ठावीस किलोंचा गारवा

बाईंनी गाडीतला एसी काढायचा ठरवला तेव्हा तो बंद पडून चार वर्षं झाली होती. बिचारा कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. बटण फिरवलं की समोरच्या जाळीतून थोडी धूळ फुंकायचा, एवढाच त्याचा उपद्रव. पण बाईंना त्याचं वजन कळलं आणि त्याचे दिवस भरले.

वजन सांगितलं मिस्त्रीने. मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, गाड्यांच्या एसीचं सरकारमान्य काम करणारा. तसा बोर्ड त्याने दाराबाहेर टांगला होता, आणि त्या बोर्डाखाली तो दिवसभर पंखा लावून बसायचा. गाडी चढाला दम का टाकते, हे विचारायला बाई गेल्या तर त्याने बॉनेट उघडून एका काळ्या गोळ्यावर पाना वाजवला.

"मॅडम, हा तुमचा कॉम्प्रेसर. आतून जाम होत आलाय, पट्ट्याला धरून ठेवतो. पुढची जाळी, पाइप, आतली पेटी धरून अठ्ठावीस किलो. एवढंसं इंजिन तुमचं, आणि हे धूड फुकट फिरवताय."

दुसऱ्या कुणी अठ्ठावीस किलोंचे बटाटे मोजले असते. बाई ग्रंथपाल. त्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला. सरासरी पुस्तक तीनशे ग्रॅम, म्हणजे त्र्याण्णव पुस्तकं. त्र्याण्णव पुस्तकांच्या जागी आपण चार वर्षं धूळ फुंकणारं यंत्र वाहतोय, हे त्यांच्या डोक्यात गेलं ते गेलंच.

आता बाईंच्या गाडीत पुस्तकं कशाला, तेही सांगायला हवं. बाईंच्या वाचनालयाची एक शाखा टेकडीवर होती. शाखा म्हणजे काय, एक खोली, दोन कपाटं आणि त्रेसष्ट वाचक. त्यातल्या अकरा जणांना टेकडी उतरणं जमत नव्हतं. कुणाचे गुडघे, कुणाचा दम. दर पंधरा दिवसांनी वाचनालयाची व्हॅन पुस्तकं बदलून द्यायची. व्हॅन भंगारात गेली तेव्हा कमिटी म्हणाली, शाखा बंद करू. बाई म्हणाल्या, माझ्या गाडीतून नेते. आणि खरंच नेली. तर तिसऱ्या वळणावर गाडी बसली आणि दोन दूधवाल्यांनी ती वर ढकलली. ही बातमी टेकडीवरून खाली यायला गाडीपेक्षा कमी वेळ लागला.

कमिटीचे अध्यक्ष ठराव लिहिण्यात पटाईत. बोलताना अडखळायचे, पण ठराव लिहायला बसले की स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. त्यांनी ठराव केला: महिनाअखेरपर्यंत बाईंची गाडी एकशे ऐंशी पुस्तकं घेऊन, कुणीही न ढकलता, टेकडीवर पोचली तर शाखा चालू राहील, नाहीतर बंद. अध्यक्ष समक्ष खात्री करतील. 'कुणीही न ढकलता' खाली त्यांनी रेघ मारली होती. ती रेघ बाईंना जास्त लागली. ठराव एक वेळ ठीक, रेघ कशाला मारायची?

रविवारी सकाळी बाईंनी नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि पान्यांची पेटी घेऊन बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरल्या. मिस्त्रीला द्यायचं काम स्वतः कशाला, असं नवऱ्याने विचारलं. बाई म्हणाल्या, काढायचंच तर आहे, बसवायचं थोडंच आहे? हे वाक्य त्यांना पुढे बऱ्याचदा ऐकवलं गेलं.

नवरा आयुष्यभर पाण्याच्या खात्यात होता. त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट कुठून तरी गळणार असं वाटायचं. तो खुर्ची घेऊन गाडीशेजारी बसला आणि कुठल्या पाइपातून काय गळेल ते सांगायला लागला. त्याचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरून बोगदेवाले उतरले. बोगदेवाले रिटायर इंजिनीअर. आयुष्यभर बोगदे खणले म्हणून बिल्डिंगने त्यांचं हे नाव पाडलं. कुठल्याही वस्तूत आत कसं शिरायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. बाहेर कसं यायचं ते दुसऱ्या टोकाला गेल्यावर बघू, अशी पद्धत.

वहिनी, आधी डॅशबोर्ड उघडा, असं बोगदेवाल्यांनी सांगितलं. एसीची मुख्य पेटी त्याच्या मागे असते. ते बरोबर होतं. आणि इथेच बाईंनी ती गोष्ट केली, जी जगात फक्त एखादा ग्रंथपालच करेल.

निघालेल्या प्रत्येक बोल्टची त्यांनी नोंद केली. वाचनालयातल्या जुन्या कार्डपेट्या घरी पडून होत्या, त्या खाली आणल्या. एका खणात आठचे बोल्ट, दुसऱ्यात दहाचे. लांब स्क्रू, आखूड स्क्रू, काळ्या क्लिपा, पांढऱ्या क्लिपा. प्रत्येक खणावर चिठ्ठी, प्रत्येक नगाला नंबर, नंबराप्रमाणे वहीत ओळ. संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर नगांची अशी सुरेख मांडणी झाली की येणारा जाणारा थांबून बघायला लागला. बाईंच्या तोंडावर जरा तेज आलं होतं. एवढी शिस्त कुठल्या गॅरेजात असते?

बाई पाइप कापणार इतक्यात मिस्त्री चहाला जाता जाता थांबला. मॅडम, हात लावू नका, म्हणाला. गॅस असा हवेत सोडायची बंदी आहे. मशीनवर काढायचा आणि दाखला घ्यायचा. वाहन कार्यालयात तुमच्या गाडीच्या कागदावर 'एसी आहे' लिहिलंय. तो दाखला दिल्याशिवाय ते 'नाही' करत नाहीत. आणि 'आहे' लिहिलेली गाडी एसीशिवाय रस्त्यावर सापडली तर जप्त.

बाई दुसऱ्या दिवशी वाहन कार्यालयात गेल्या. खिडकी नंबर चार. खिडकीमागचा माणूस कान कोरत होता. त्याने कान पूर्ण केला आणि मग फॉर्म सरकवला. फॉर्मवर एकच रकाना महत्त्वाचा: काढलेला गॅस, ग्रॅममध्ये. बाई म्हणाल्या, गॅस चार वर्षांपूर्वीच गळून गेलाय, मिस्त्रीने तपासलंय, शून्य लिहा.

"शून्य म्हणजे काढलाच नाही," खिडकी म्हणाली.

"नव्हताच, तर काढू कुठून?"

"मग काढला असं कसं म्हणणार तुम्ही?"

बाईंनी शांतपणे समजावलं. मग कमी शांतपणे समजावलं. मागच्या रांगेतले लोक पण समजावायला लागले, त्यात एकाने खिडकीची बाजू घेतली आणि रांगेत दोन तट पडले. शेवटी त्या माणसाने कॉम्प्युटरचं तोंड बाईंकडे फिरवलं आणि त्यांच्यासमोर शून्य टाकून दाखवलं. कॉम्प्युटरने लाल चौकट काढली. माणूस असा समाधानाने मागे टेकला, जणू वादच मिटला.

बाई तडक मिस्त्रीकडे. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि म्हणाला, एकच मार्ग आहे. आधी भरू, मग काढू.

आता गॅस भरायचा तर तो टिकायला हवा. टिकायला हवा तर पाइपची भोकं बुजवायला हवीत. भोकं बुजली तर कॉम्प्रेसर फिरायला हवा, नाहीतर गॅस आत जाणार कसा? थोडक्यात, एसी काढण्यासाठी तो आधी दुरुस्त करायला हवा होता. हे बाईंना कळलं तेव्हा त्या गॅरेजातल्या टायरवर बसल्या. मग म्हणाल्या, "करा. महिना संपायला बारा दिवस आहेत."

तीन दिवस मिस्त्री गाडीत डोकं घालून होता. चौथ्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये त्याने गाडी सुरू केली, बटण फिरवलं आणि उघड्यानागड्या डॅशबोर्डच्या भोकातून गार हवेचा असा झोत आला की बाईंच्या हातातला वहीचा कागद उडाला.

चार वर्षांत नव्हता असा गारवा. बाहेर अंगाची लाही होत होती. नवरा सरळ आत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी काच इंचभर खाली करून त्याने पेपर मागितला. अर्ध्या तासाने बोगदेवाले आले, मागच्या सीटवर बसले, मग वर जाऊन मफलर घेऊन आले. दोघांनी तिथे जवळजवळ संसारच मांडला. गॅस गळतोय का ते बघायला हवं, किमान संध्याकाळपर्यंत, असं पाण्याच्या खात्याचं मत पडलं. बोगद्यांच्या खात्याने दुजोरा दिला.

मिस्त्री मशीन घेऊन आला तेव्हा नवऱ्याने काच खाली केली. त्याचा आवाज हळवा झाला होता.

"अगं, चार वर्षांनी जीव आलाय त्याच्यात. आज नको ना काढूस."

बोगदेवाल्यांनी मागून आकडेवारी दिली. आता कॉम्प्रेसर मोकळा फिरतोय, वहिनी, पट्ट्याला धरत नाही. म्हणजे निम्मा प्रश्न सुटला. मग वजनाचं काय एवढं?

बाईंनी दोघांना बाहेर काढलं आणि स्वतः आत बसल्या. दार लावलं. मानेवरचा घाम सुकत गेला. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. सत्तावीस वर्षं त्या ज्या वाचनालयात बसल्या तिथला पंखा सुद्धा फक्त अध्यक्षांच्या डोक्यावर होता. आपण एवढं काय मागितलंय जगाकडे, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना तिसरं वळण दिसलं. पुस्तकं भरून, हे धूड घेऊन, ते दोन दूधवाले परत मागे. आणि ठरावातली ती रेघ. आणि वर खिडकीत बसून वाट बघणारी, त्या अकरा जणांतली एक रिटायर नर्स. तिला रहस्यकथेचा दुसरा भाग दिलाच नव्हता. खून कुणी केला हे कळल्याशिवाय तिला महिना काढावा लागत होता.

बाईंनी बटण बंद केलं आणि बाहेर आल्या. "काढा," मिस्त्रीला म्हणाल्या.

मशीनवर आकडा आला तीनशे ऐंशी ग्रॅम. मिस्त्रीने दाखल्यावर सही केली. नवरा तोंड फिरवून उभा होता.

मग दोन दिवसांत कॉम्प्रेसर, जाळी, पाइप, पेटी, सगळं बाहेर आलं. मिस्त्रीने इंजिनाला आखूड पट्टा घातला आणि तो आपल्या कामाला गेला. राहिलं काय, तर डॅशबोर्ड परत बसवणं. बाईंनी कार्डपेट्या पुढे घेतल्या, वही उघडली आणि पहिला बोल्ट उचलला. नग क्रमांक एक, दहाचा, डोकं षटकोनी. उत्तम नोंद. फक्त तो कुठून निघाला होता, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

बोगदेवाल्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, कुठला बोल्ट कुठल्या भोकातून आला ते लिहायला हवं होतं."

"पुस्तक कुणाच्या घरून परत आलं यावरून कपाटात लावतात का?" बाई म्हणाल्या.

मुद्दा बिनतोड होता. पण बोल्टांना ते कळत नव्हतं ना.

पुढचे तीन दिवस बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जे चाललं ते बघवत नव्हतं. बाई गाडीत पालथ्या. नवरा बाहेरून एकेक बोल्ट हातात देणार. बाई तो भोकात फिरवून बघणार. ढिला. दुसरा द्या. घट्ट. तिसरा. मध्येच बोगदेवाले दुसऱ्या बाजूने शिरायचे आणि ज्या भोकाशी बाई झगडत असायच्या तेच भोक पलीकडून बुजवायचे. एकदा स्टिअरिंगखालचं झाकण इतकं छान बसलं की तिघांनी चहा घेतला. चहा झाल्यावर कळलं की किल्ली घालायचं भोक त्याच्याआड गेलंय. येणारे जाणारे आता थांबत नव्हते, नुसतं हसून जायचे. बाईंनी कुणाकडे बघितलं नाही. ओठ आवळून त्या बोल्ट फिरवत राहिल्या.

शेवटी डॅशबोर्ड उभा राहिला. सतरा नग उरले. त्यातले किती एसीचे म्हणून उरायलाच हवेत आणि किती उरायला नकोत, यावर तिघांची तीन मतं होती. शेजारच्या सीटची काच खाली येईना, तिची वायर कुठेतरी आत राहिली होती. समोरचा कप्पा आपोआप उघडायचा. पण गाडी सुरू झाली आणि पट्टा ओरडला नाही.

खिडकी नंबर चारने दाखला घेतला, तीनशे ऐंशी बघून मान डोलावली आणि विचारलं, एसी कुठे आहे? बाई म्हणाल्या, काढला. माणूस म्हणाला, हो, पण काढलेला दाखवा. नुसतं नसणं हा पुरावा नाही, तो चोरीला पण जाऊ शकतो. मग बाईंनी घरी जाऊन तो अठ्ठावीस किलोंचा पसारा डिकीत भरला, परत कार्यालयात नेला, खिडकीतल्या माणसाने बाहेर येऊन डिकीत पाहिलं आणि कागदावर 'एसी नाही' असा शिक्का मारला. एसीच्या अगदी समोर.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी दहाला बाईंनी एकशे ऐंशी पुस्तकं गाडीत भरली. मागची सीट काढून टाकली होती. तिचे बोल्ट मात्र यावेळी जागेवरच ठेवले होते. अध्यक्ष कोट घालून आले. समक्ष खात्री करायची म्हणून ते पुढच्या सीटवर बसले. बसताक्षणी गाडी त्यांच्या बाजूला कलली. अध्यक्ष भारदस्त माणूस, ब्याण्णव किलोंचे. हा आकडा त्यांनी स्वतःच सांगितला, डॉक्टर कसे उगाच घाबरवतात या विषयावर बोलताना.

सपाटीवर गाडी पाण्यासारखी गेली. अध्यक्षांनी काच उघडायचं बटण दाबलं, काही झालं नाही. कप्पा उघडून त्यांच्या गुडघ्यावर पडला. त्यांनी तो लावला, तो परत पडला. मग त्यांनी निळ्या खुणेचं गोल बटण फिरवून वाट पाहिली.

"ते नुसतं बटण आहे," बाई म्हणाल्या.

चढ लागला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं, जरा कण्हत. अध्यक्षांच्या कपाळावरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. तिसऱ्या वळणाला बाईंनी पहिला गिअर टाकला. इंजिन घुरघुरलं, गाडी चार हात सरकली, थरथरली आणि थांबली. बाईंनी हँडब्रेक ओढला. मागून पुस्तकांची एक थप्पी हळूच कलंडली.

खाली एक दूधवाला सायकल धरून उभा होता. त्याने सायकल स्टँडला लावली आणि बाह्या सरसावल्या. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला नको म्हणून खूण केली.

अध्यक्षांनी खिशातून ठरावाचा कागद काढला. बाईंना तो पाठ होता.

"बाई, मला वाईट वाटतंय. पण कुणीही न ढकलता, असं स्पष्ट आहे."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा उतरता का?"

"मी ढकलणार नाही."

"ढकलू नका. नुसते उतरा."

अध्यक्षांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मग त्यांचा चेहरा लाल झाला, पण तो आधीच लाल होता. "बाई, मी अध्यक्ष आहे."

"ठरावात पुस्तकं लिहिली आहेत, साहेब. एकशे ऐंशी. अध्यक्ष लिहिलेले नाहीत."

अध्यक्षांनी ठराव वाचला. स्वतः लिहिलेला, एकेक स्वल्पविराम ओळखीचा. दुसऱ्यांदा वाचला. कुठेही पळवाट नव्हती, कारण त्यांनीच ती ठेवली नव्हती. ते कोट सावरत उतरले. बाईंनी क्लच सोडला, गाडीने एक हिसका दिला आणि तिसऱ्या वळणावरून वर चढली. आरशात अध्यक्ष लहान होत गेले.

वर शाखेच्या दारात माणसं जमली होती. कुणी पुस्तकं उतरवली, कुणी यादी धरली. रिटायर नर्सने दुसरा भाग घेतला आणि पायरीवरच बसून शेवटचं पान उघडलं. बाईंनी भेटीची वही काढली आणि वेळ लिहिली.

अध्यक्ष पोचले तेव्हा कोट हातावर होता आणि शर्ट अंगाला चिकटला होता. कुणीतरी त्यांना पाणी दिलं, कुणीतरी स्टूल दिलं. खात्री करायची म्हणून त्यांनी पुस्तकं मोजली, कारण काहीही झालं तरी माणूस शिस्तीचा. एकशे ऐंशी भरली. मग बाईंनी वही पुढे केली आणि ते दम खात वाचू लागले. लिहिलं होतं: 'पुस्तकं अकरा वाजता पोचली. अध्यक्ष पावणेबाराला.'

त्यांनी पेन मागितलं, आपल्या सवयीने 'पुस्तकं' या शब्दाखाली एक रेघ मारली, आणि सही केली.